नदीला हक्क मिळाले. तिच्या वतीने दावा कोण लावणार?

नदी, जंगल किंवा सरोवर यांना कायदेशीर व्यक्तीचा दर्जा मिळाला तर त्यांचे संरक्षण खरोखर अधिक चांगले होते का, की ती प्रतीकात्मक घोषणाच ठरते. आणि एखाद्या नदीसाठी असा दर्जा मागायचा झाल्यास न्यायालयाकडे किंवा विधिमंडळाकडे नेमके काय मागावे, असा हा दुहेरी प्रश्न आहे. पर्यावरणविषयक खटले चालवणारा वकील म्हणून माझे उत्तर आधीच सांगतो. दर्जा देणाऱ्या वाक्याने फारसे काही बदलत नाही. पालक म्हणून कोणाला नेमले आहे, तो पालक वेळप्रसंगी सरकारविरुद्ध उभा राहू शकतो का, त्याच्या हाती पैसा आहे का आणि नदीचा हक्क व इतरांचे हक्क समोरासमोर आले तर माघार कोणी घ्यायची हे लिहून ठेवले आहे का, यावर सारे अवलंबून असते. त्यामुळे असा निकाल किंवा कायदा हाती आला की त्याची प्रस्तावना बाजूला ठेवून मी आधी पालकाविषयीचे कलम शोधतो.

या चर्चेत दोन वेगळ्या कल्पना सर्रास एकत्र केल्या जातात. कायदेशीर व्यक्तित्व म्हणजे मालमत्ता धारण करण्याची, करार करण्याची, दावा लावण्याची आणि आपल्यावर दावा लावून घेण्याची क्षमता. निसर्गाचे हक्क म्हणजे अस्तित्वाचा, प्रवाही राहण्याचा, पुन्हा सावरण्याचा प्रत्यक्ष हक्क. पहिले असूनही दुसरे नसू शकते, आणि दुसरे पहिल्याशिवायही देता येते. न्यूझीलंडने प्रामुख्याने पहिला मार्ग धरला आणि इक्वेडोरने दुसरा. ‘कंपनी व्यक्ती होऊ शकते, मग नदी का नाही’ हा युक्तिवाद सभेत टाळ्या मिळवतो, पण तो अर्धाच खरा आहे. कंपनीला भांडवल असते, संचालक मंडळ असते, तिच्या वतीने सही कोणी करायची हे ठरलेले असते आणि तिचे दिवाळे निघाले तर पुढे काय करायचे याचाही कायदा असतो. नदीला व्यक्ती म्हणताना यांपैकी काहीच पुरवले नाही, तर जी व्यक्ती जन्माला येते तिला ना घर असते ना खिसा.

या विचाराला आधुनिक कायद्यात जागा मिळाली ती 1972 साली, अमेरिकेत. कॅलिफोर्नियातील मिनरल किंग खोऱ्यात डिस्ने कंपनी बर्फावरील खेळांचे केंद्र उभारणार होती आणि त्याविरुद्ध सिएरा क्लब ही पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली होती. आपल्या सदस्यांचे वैयक्तिक नुकसान संस्थेने मांडलेले नाही, म्हणून तिला दावा लावण्याचा अधिकार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ठरवले. त्याच वर्षी ख्रिस्तोफर स्टोन या कायद्याच्या प्राध्यापकाने झाडांना, नद्यांना स्वतःच्या नावाने न्यायालयात उभे राहता यावे असे मांडणारा लेख प्रसिद्ध केला होता, आणि न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आपल्या भिन्नमताच्या निकालपत्रात त्याचा आधार घेतला. स्टोन यांच्या मांडणीतला सर्वांत कामाचा भाग आजही दुर्लक्षित राहतो. त्यांच्या मते हक्क असणे म्हणजे तीन गोष्टी: दावा स्वतःच्या नावाने लावता येणे, न्यायालयाने नुकसान मोजताना स्वतःला झालेली इजा मोजणे आणि मिळालेली दाद स्वतःच्या उपयोगी पडणे.

यातला तिसरा मुद्दा व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. समजा, एक कारखाना नदीत सांडपाणी सोडतो आणि खालच्या बाजूच्या शेतकऱ्याचे पीक जाते. रूढ कायद्यात वादी असतो तो शेतकरी, नुकसान मोजले जाते ते पिकाचे आणि भरपाई जाते ती त्याच्या खात्यात. सांडपाणी शुद्धीकरणाचा खर्च या भरपाईपेक्षा जास्त असेल, तर कारखान्याला भरपाई देत राहणे आणि घाण सोडत राहणे परवडते. दोघांमध्ये तडजोड झाली की दावा मागे घेतला जातो, आणि ज्या पात्रातले मासे मेले त्या पात्राचा उल्लेख तडजोडपत्रात कुठेही नसतो. नदी स्वतः पक्षकार असेल, तर तिच्या पालकाच्या संमतीशिवाय अशी तडजोड होऊ शकत नाही आणि भरपाईची रक्कम पात्र पूर्ववत करण्याच्या खर्चावरून ठरते. निसर्गाच्या हक्कांचा खरा कायदेशीर लाभ मला इथे दिसतो.

भारतीय वकिलाला माणूस नसलेल्या पक्षकाराचे नवल वाटण्याचे कारण नाही. देवस्थानातील मूर्ती ही कायदेशीर व्यक्ती असते, तिची इच्छा विचारात घेतली पाहिजे आणि गरज पडल्यास तिच्या वतीने दावा चालवणारा तटस्थ ‘मित्र’ नेमला पाहिजे, असे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे प्रिव्ही कौन्सिलने, 1925 मध्येच म्हटले होते. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देवाला प्राप्तिकरही लागू केला, आणि 2000 मध्ये गुरू ग्रंथ साहिबला कायदेशीर व्यक्ती मानले. पण याच परंपरेत एक इशाराही आहे आणि नदीप्रेमी मंडळी तो सहसा वाचत नाहीत. अयोध्या प्रकरणाच्या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मूर्तीचे व्यक्तित्व मान्य केले, मात्र जन्मस्थान म्हणून जमिनीलाच व्यक्ती मानण्यास नकार दिला. जमीन स्वतःच व्यक्ती झाली तर तिच्यावरचे इतर सर्वांचे मालकीचे दावे एका फटक्यात निरर्थक ठरतील, असे त्यामागचे एक मुख्य कारण होते. नदी म्हणजे पाणी, पात्र, काठ, पूरक्षेत्र आणि त्यावर अवलंबून असलेल्या हजारोंचे वहिवाटीचे हक्क; म्हणून हाच आक्षेप नदीच्या खटल्यात दुप्पट जोराने येतो.

उत्तराखंड उच्च न्यायालयाचा 20 मार्च 2017 चा निकाल या दृष्टीने बारकाईने वाचण्यासारखा आहे. योगायोग असा की न्यूझीलंडच्या वांगानुई नदीविषयीच्या कायद्याला राजमान्यता मिळाली ती याच दिवशी. मूळ याचिका होती कालव्याच्या जमिनीवरील अतिक्रमण हटवण्याची आणि उत्तर प्रदेश व उत्तराखंड यांच्यातील मालमत्तेच्या वाटपाची. गंगा व यमुनेला व्यक्ती ठरवावे अशी मागणीच नव्हती. खंडपीठाने मात्र दोन्ही नद्या, त्यांच्या उपनद्या आणि प्रवाह यांना जिवंत व्यक्तीचे सर्व हक्क, कर्तव्ये आणि दायित्वांसह कायदेशीर व्यक्ती घोषित केले व तिघांना पालकस्थानी नेमले: नमामि गंगे प्रकल्पाचे संचालक, उत्तराखंडचे मुख्य सचिव आणि राज्याचे महाधिवक्ता.

या तीन नावांवर थोडे थांबू. गंगेत सर्वाधिक घाण मिसळते ती शहरांच्या सांडपाण्याची आणि ते शुद्ध करण्याची जबाबदारी शासन व स्थानिक संस्थांची आहे. म्हणजे नदीला दावा लावायचा झाल्यास प्रतिवादी बहुतेक वेळा राज्य सरकार असणार. अशा दाव्यात वादीच्या बाजूने सही करायची मुख्य सचिवांनी आणि प्रतिवादीच्या वतीने शपथपत्रही त्यांच्याच हाताखालच्या खात्याने द्यायचे. नदीची बाजू मांडायची महाधिवक्त्यांनी आणि सरकारचा बचावही त्यांनीच करायचा. अज्ञान मुलाच्या मालमत्तेच्या दाव्यात हितसंबंध विरोधी असलेल्या नातेवाइकाला कोणतेही दिवाणी न्यायालय पालक नेमत नाही. नदीच्या बाबतीत ही साधी दक्षता घेतली गेली नाही. पुढे राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेले. नदी अनेक राज्यांतून वाहते, तर एका राज्याचे अधिकारी तिचे पालक कसे. आणि पुरात कोणी दगावले तर भरपाईचा दावा नदीवर, म्हणजे तिच्या पालकांवर लागणार का, असे त्याचे प्रश्न होते. 7 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. त्या प्रश्नांची टिंगल झाली, पण मला ते रास्त वाटतात. ज्या निकालपत्रात ‘दायित्वांसह’ असा शब्द आहे, त्याने दायित्वाची मर्यादाही सांगायला हवी होती.

नंतरच्या भारतीय निकालांतही हाच सूर दिसतो. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये चंडीगडच्या सुखना सरोवराला जिवंत अस्तित्व घोषित केले आणि शहरातील सर्व नागरिकांना पालक ठरवले. (सुखना हे 1958 मध्ये ओढा अडवून बांधलेले कृत्रिम सरोवर आहे, ही गंमत जाता जाता नोंदवतो.) सगळेच पालक असले की नोटीस कोणावर बजावायची हे कोणालाच कळत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने 2022 मध्ये निसर्गमातेला जिवंत अस्तित्वाचा दर्जा दिला, तोही वनजमिनीचे पट्टे दिल्याबद्दल शिक्षा झालेल्या महसूल अधिकाऱ्याच्या सेवाविषयक याचिकेत. न्यायालयांच्या कळकळीविषयी शंका नाही, परंतु ज्या खटल्यात तो प्रश्न पक्षकारांनी मांडलेलाच नसतो तिथे यंत्रणा, निधी आणि अंमलबजावणी यांवर कोणी युक्तिवाद केलेला नसतो, आणि मग घोषणा तेवढी उरते. 2023 मध्ये जल्लिकट्टूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याचे मानण्यास नकार दिला, हेही ध्यानात घ्यावे. या दिशेने न्यायालये सरळ पुढेच जात राहतील असे गृहीत धरता येत नाही.

आता न्यूझीलंड. वांगानुई नदीच्या खोऱ्यातील माओरी या मूळ रहिवासी समूहांनी पात्राच्या मालकीसाठी 1938 मध्ये न्यायालयात अर्ज केला होता. 2017 चा कायदा हा त्या प्रदीर्घ लढ्याच्या वाटाघाटींतून आलेला समझोता आहे, एखाद्या न्यायाधीशाला अचानक सुचलेली कल्पना नव्हे. पर्वतापासून समुद्रापर्यंतच्या अखंड नदीला ‘ते आवा तुपुआ’ या नावाने व्यक्ती मानले गेले. तिच्या वतीने बोलण्यासाठी दोन व्यक्तींचे एक पद निर्माण केले, एक नियुक्ती नदीकाठच्या माओरी समूहांची आणि दुसरी सरकारची, व दोघांनीही नदीच्याच हिताने वागण्याचे बंधन घातले. तीन कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी वेगळा काढला. सरकारच्या मालकीचा पात्राचा भाग नदीच्याच नावावर केला. याचे कौतुक करताना बहुतेक जण पुढचे कलम वगळतात: पाण्याची मालकी नदीला दिलेली नाही आणि अस्तित्वात असलेले खासगी हक्क अबाधित ठेवले आहेत. नदीच्या वरच्या भागातील पाणी जलविद्युत प्रकल्पासाठी वळवले जाते, ते कायद्यामुळे थांबले नाही. तरीही मला हे प्रारूप भावते, कारण काय दिले आणि काय दिले नाही हे दोन्ही त्यात स्वच्छ लिहिलेले आहे.

इक्वेडोरने 2008 च्या राज्यघटनेतच निसर्गाचे हक्क घातले. कलम 71 नुसार कोणतीही व्यक्ती किंवा समुदाय ते बजावण्याची मागणी करू शकतो, कलम 72 पूर्ववत होण्याचा स्वतंत्र हक्क देते. 2011 मधील विल्काबांबा नदीच्या खटल्यात रस्ता रुंद करताना प्रांतिक प्रशासनाने दगडमाती पात्रात लोटली होती. न्यायालयाने हानी होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रशासनावर टाकली, आणि माझ्या दृष्टीने हीच त्या निकालाची खरी देणगी आहे, कारण प्रदूषणाच्या खटल्यांत वादी हरतो तो बहुधा पुराव्याच्या ओझ्याखाली. 2021 मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने लोस सेद्रोस या मेघवनातील (सतत ढगांत वेढलेल्या डोंगरी जंगलातील) खाणकामाचे परवाने सावधगिरीच्या तत्त्वावर अवैध ठरवले. तिथल्या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या प्रजाती नष्ट होण्याचा धोका हा त्यातला निर्णायक मुद्दा होता. पण त्याच राज्यघटनेच्या छत्राखाली यासुनी राष्ट्रीय उद्यानातील तेलक्षेत्रात 2016 पासून उत्खननही सुरू झाले. ते थांबवण्याचा निर्णय झाला 2023 च्या सार्वमताने, ज्यात सुमारे 59 टक्के मते उत्खननाविरुद्ध पडली. हक्क लिहिलेला असणे आणि बलाढ्य महसुलापुढे तो टिकणे यांत केवढे अंतर असते, ते या एकाच देशात दिसते.

मसुदा कसा लिहू नये याचे उदाहरण म्हणून मी ओहायो राज्यातील टोलेडो शहराचे नाव घेतो. 2014 च्या ऑगस्टमध्ये ईरी सरोवरातील विषारी शैवालामुळे त्या परिसरातील सुमारे पाच लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले होते, म्हणजे संतापाला सबळ कारण होते. फेब्रुवारी 2019 मध्ये सुमारे 61 टक्के मतांनी सरोवराची हक्कसनद मंजूर झाली. एका शेती-व्यवसायाने दुसऱ्याच दिवशी तिला आव्हान दिले, आणि वर्षभरात संघीय न्यायालयाने ती अतिशय मोघम म्हणून रद्द केली. नेमक्या कोणत्या कृतीने सरोवराच्या ‘फुलण्याच्या’ हक्काचा भंग होतो हे कळणार कसे, हा न्यायालयाचा प्रश्न होता. खतातून येणाऱ्या स्फुरदाची मर्यादा आणि मोजमापाची ठिकाणे मसुद्यात असती, तर निदान या प्रश्नाला उत्तर देता आले असते.

स्पेनने अशा चुकांपासून बरेच शिकलेले दिसते. मार मेनोर हे सुमारे 135 चौरस किलोमीटरचे खारे सरोवर शेतीतून वाहून येणाऱ्या नायट्रेटमुळे गुदमरले होते आणि 2019 मध्ये तिथे मेलेल्या माशांचा खच किनाऱ्यावर आला. सहा लाखांहून अधिक सह्यांच्या जनविधेयकातून 2022 चा कायदा झाला. त्यात प्रतिनिधी, देखरेख करणारे पालक आणि शास्त्रज्ञ यांच्या वेगवेगळ्या समित्या आहेत, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने तो वैध ठरवला. मला त्यातील सर्वांत मोलाची वाटते ती खर्चाविषयीची तरतूद. सरोवराच्या वतीने कोणीही दावा लावू शकतो आणि तो जिंकला तर वकील, तज्ज्ञ व साक्षीदार यांच्यासह सारा खर्च त्याला परत मिळतो. तात्पुरत्या मनाईसाठी तारणही भरावे लागत नाही. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत नेण्याचा आणि तज्ज्ञाला साक्षीला उभे करण्याचा खर्च किती असतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या एका कलमाची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

मग भारतात असा दर्जा मागावा का? अमेरिकेत दावा लावण्याची पात्रता हाच अडथळा होता, म्हणून तिथे व्यक्तित्वाची गरज तीव्र होती. आपल्याकडे जनहित याचिकेने तो अडथळा केव्हाच दूर केला आहे, 1996 च्या कमलनाथ प्रकरणापासून सार्वजनिक विश्वस्ताचे तत्त्व (नैसर्गिक संपत्ती सरकारकडे जनतेची ठेव म्हणून असते) आहे आणि 2010 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला दोष सिद्ध नसतानाही भरपाई लावता येते. आपले दुखणे आदेशानंतर सुरू होते: आदेश निघतो, पाहणी अहवाल येतो, मुदतवाढ मागितली जाते, आणि मूळ याचिकाकर्ता थकला किंवा वारला की पाठपुरावा संपतो. कायमस्वरूपी, सरकारपासून स्वतंत्र आणि स्वतःचा निधी असलेला पालक याच ठिकाणी उपयोगी पडेल, कारण नदी थकत नाही आणि तिच्या नावावरचा खटला वारसाविना राहत नाही. म्हणून व्यक्तित्व मागायचे तर या एका कारणासाठी मागावे, असे माझे मत आहे. निव्वळ याचिकेला भारदस्तपणा यावा म्हणून ते मागू नये.

मागणीच्या मसुद्यात पालकाची नियुक्ती, मुदत आणि त्याला हटवण्याची पद्धत स्पष्ट असावी, आणि हितसंबंध आड येणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून वगळावे. पालकाला बंधनकारक कारवाईचा अधिकार हवा. बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तुराग नदीच्या खटल्यात देशातील सर्व नद्यांना व्यक्ती ठरवून राष्ट्रीय नदी संरक्षण आयोगाला पालक नेमले, तेव्हा त्या आयोगाच्या मूळ कायद्याने त्याला शिफारशी करण्यापलीकडे फारसे काही दिलेले नव्हते. हक्कभंग केव्हा झाला हे ठरवण्यासाठी किमान प्रवाह, पाण्याच्या गुणवत्तेची आजची आधारपातळी आणि मोजणीची ठिकाणे नोंदवावीत. पुरासारख्या नैसर्गिक घटनांचे दायित्व स्पष्ट शब्दांत वगळावे, म्हणजे उत्तराखंडचा आक्षेप पुन्हा उपस्थित होणार नाही.

सर्वांत जपून लिहायचे कलम आहे ते काठावरच्या माणसांचे. नदीच्या हक्काच्या नावाखाली आधी हटवली जाते ती झोपडी. सांडपाण्याची वाहिनी मागे राहते. मासेमारी, गुरांचे पाणी, गाळपेराची शेती असे पारंपरिक वापर नावानिशी संरक्षित असावेत आणि ते करणाऱ्यांचे प्रतिनिधी पालक मंडळावर असावेत. ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डोंगराला कोणताही दर्जा दिला नाही. वनहक्क कायद्याच्या आधारे निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. ज्या खोऱ्यात असे सामूहिक हक्क मिळवता येण्याजोगे आहेत, तिथे मी अशिलाला आधी तेच दावे पूर्ण करायला सांगतो.

आणि सुरुवात आंतरराज्य नदीपासून करू नये. तिथे पाणीवाटपाचा स्वतंत्र कायदा आणि लवाद आडवे येतात, वरच्या राज्याला आपल्या विधिमंडळाचा ठराव बांधत नाही, आणि मूळ प्रश्नावर सुनावणी होण्याआधीच अधिकारक्षेत्राच्या वादात वर्षे जातात. एकाच राज्यात उगम आणि संगम दोन्ही असलेली उपनदी किंवा पाणलोटासह एखादे सरोवर निवडावे, त्याच्या किमान एका जलवर्षाच्या मोजणीच्या नोंदी हाताशी ठेवाव्यात आणि मगच पालक नेमण्याची प्रार्थना याचिकेत घालावी.